ताडपत्रीखालचं थडगं

हे प्रकरण एका जुन्या थडग्याच्या दुरुस्तीचं, इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स टेकड्यांतल्या एका लहान गावातलं आहे. गावाचं, चर्चचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. त्या चर्चची पाहणी करणाऱ्या वास्तुविशारदांच्या हाताखाली मी काम करत होते. जुन्या दगडी बांधकामाचं शिक्षण पुण्यात आणि कोकणात झालेलं, नोकरी मात्र इथली. प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझी आहे आणि खाली ती जरा सविस्तर येईल.

पार्श्वभूमी

कॉट्सवोल्ड्सची श्रीमंती मेंढीच्या पाठीवरून आली. आधी लोकर विकून, आणि नंतर स्ट्राउडच्या आसपास ओढ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांत लोकरी कापड काढून. स्ट्राउडचं लाल कापड इंग्रज फौजेच्या डगल्यांना जाई. ईस्ट इंडिया कंपनीही या भागातलं कापड घेऊन पूर्वेकडे पाठवी. जुन्या मराठी कागदांत ‘बनात’, ‘सकलाद’ हे शब्द भेटतात, ते अशाच लोकरी कापडाचे. त्या पैशातून इथल्या व्यापाऱ्यांनी चर्चं वाढवली, घरं बांधली आणि मेल्यावर चर्चच्या दाराजवळची जागा धरली.

त्यांची थडगी मुद्दाम वाट वाकडी करून बघावीत अशी. बर्फर्डला काही थडग्यांच्या माथ्यावर खाचा पाडलेली अर्धगोल दगडी वळकटी आहे. लोक तिला लोकरीचा गठ्ठा म्हणतात, अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. पेन्सविकला कातरलेल्या यू वृक्षांच्या मधे ब्रायन घराण्यातल्या पाथरवटांच्या हातची थडगी उभी आहेत. आमचं थडगं याच परंपरेतलं, फक्त आडगावचं आणि कमी नावाजलेलं. 1740 च्या दशकातलं, एका कापडव्यापाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं. राष्ट्रीय वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत त्याची स्वतंत्र नोंद होती.

कमरेइतकी उंच दगडी पेटी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांच्या शिळा ग्रीक लायर वाद्यासारख्या बाहेर फुगून आत वळलेल्या. लांब बाजूंवर मधोमध मजकुराची चौकट, तिच्या दोन्ही अंगांना पंख फुटलेले गुबगुबीत बालदेवदूत आणि त्यांच्या पायाशी कवटी आणि वाळूचं घड्याळ. वर एक अखंड शिळा, सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद, म्हणजे वजन अर्ध्या टनाच्या आसपास. या पेटीत मृतदेह नसतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. देह खाली जमिनीत किंवा विटांच्या तळघरात असतो. वरची पेटी पोकळ असते, नाहीतर दगडगोट्यांनी भरलेली. हातभर जाडीचा वाटणारा दगड प्रत्यक्षात चार-पाच बोटं जाड असतो आणि अर्ध्या टनाचा माथा तेवढ्यावर उभा असतो.

दगड इथलाच, मधाच्या रंगाचा चुनखडक. सुमारे 16-17 कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात चुन्याचे बारीक गोल कण साठून तो झाला. भिंग धरून पाहिलं तर थेट माशाच्या गाभोळीसारखा दिसतो. खाणीतून ताजा काढलेला असताना कोरायला मऊ, म्हणून असं नक्षीकाम शक्य झालं. पण आपल्या काळ्या पाषाणाचा निबरपणा त्याच्यात नाही. तो पाणी पितो आणि परत सोडतो. त्याचं आयुष्य या पिण्या-सोडण्यावर चालतं. पुढचं सगळं प्रकरण खरं तर एवढ्याच गोष्टीचं आहे.

अडचण

इंग्लंडच्या चर्चांची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून पाहणी होते. 1955 च्या कायद्याने सुरू झालेली ही पद्धत, आणि मला इथली फार आवडलेली. त्या पाहणीत आम्हाला दिसलं, की थडग्याची दक्षिणेची शिळा मधोमध बाहेर फुगली आहे, एका बालदेवदूताच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग गेली आहे आणि वरची शिळा एका बाजूला झुकली आहे. थडगं अगदी पायवाटेला लागून. शाळेतली मुलं दर आठवड्याला त्याच वाटेने चर्चमध्ये येत, आणि मुलांना दगडी पेटी दिसली की ती चढणार हे सांगायला नको.

फुगण्याची कारणं दोन सापडली. मूळ पाथरवटांनी शिळा एकमेकींना लोखंडी क्रॅम्पने, म्हणजे दोन दगड धरून ठेवणाऱ्या आकड्यांनी, जखडून वर शिसं ओतलं होतं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण लहानपणापासून ऐकतो. इथेही कल्पना तीच, की शिसं पाण्याला लोखंडापर्यंत पोचू देत नाही. जोवर शिसं घट्ट बसलेलं असतं तोवर हे खरं. एकदा पाणी आत गेलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो आणि दगड आतून फोडतो.

पाणी आत कशाने गेलं, हे दुसरं कारण. साठेक वर्षांपूर्वी गावातल्या काही भल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी येऊन थडग्याच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी न सोडणारं. सांध्यातून बाहेर पडणारी ओल अडली आणि ती दगडातून वाट काढू लागली. सांध्यालगतचा दगड भुसभुशीत झाला, सिमेंट मात्र ठणठणीत राहिलं. त्या माणसांपैकी एक आजोबा अजून हयात होते. पाहणीच्या दिवशी काठी टेकत आले आणि अभिमानाने म्हणाले, ‘बघा, आमचं काम अजून हललेलं नाही.’ ते खरंच होतं. आपल्याकडे गावकीने वर्गणी काढून जुन्या देवळाच्या दगडाला ऑइलपेंट फासलेला पाहिला की मला हे आजोबा आठवतात. दुर्लक्षाने या थडग्याचं फारसं काही बिघडलं नव्हतं.

पहिला निर्णय आणि माझी चूक

पाहणी ऑक्टोबरात झाली. चुन्याचं काम थंडीत करता येत नाही, कारण ओला चुना गोठला की मेलाच. म्हणजे निदान एप्रिलपर्यंत थांबणं भाग होतं. तोवर काय करायचं?

कुंपणाबद्दल वाद नव्हता. चर्चवॉर्डन बाईंनी, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या गावातल्याच बाईंनी, दुसऱ्याच दिवशी लाकडी खुंट ठोकून जाळी लावून घेतली. प्रश्न होता पावसाचा. त्या वर्षी शरदात पाऊस हटत नव्हता आणि वरच्या शिळेच्या भेगेतून पाणी आत जाताना दिसत होतं. झाकायची सूचना मी केली. कोकणात वाढलेल्या माणसाला यात सुचवायचं तरी काय असतं? मिरग जवळ आला की पडवीला झडी बांधायच्या, लाकडं झाकायची, गच्चीवर ताडपत्री टाकायची. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना थडगं दाखवलं. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला प्रश्न, ‘ताडपत्री टाकलीस ना? खालपर्यंत ओढून घे हो, वारा उचलतो.’ मी खालपर्यंत ओढून घेतली आणि चारी बाजूंनी दोरी करकचून बांधली. निळी, प्लॅस्टिकची, नवी कोरी. व्हिकरना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हायसं वाटलं. त्यांच्याकडे सहा गावांची चर्चं होती आणि त्यातल्या एकाची तरी काळजी मिटली होती.

माझ्या वरिष्ठांनी फोटो पाहिले आणि ‘हवा खेळते ना?’ एवढं विचारलं. मी हो म्हटलं. तो प्रश्न नेमका कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत पाथरवट पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही ताडपत्री सोडली. आतून पाणी ठिबकत होतं. जमिनीची ओल वर चढली होती, तिला बाहेर पडायला जागा नव्हती आणि पावसाने भिजला असता त्याहून जास्त दगड आतल्या दमटपणाने भिजला होता. त्यावर हिरवा शेवाळी थर आला होता. मधे पंधरा दिवस कडाक्याची थंडी पडून गेली होती. दगडात भरलेलं पाणी गोठलं, फुगलं, वितळलं, पुन्हा गोठलं. भेग गेलेल्या देवदूताचा डावा गाल पापुद्र्यासारखा सुटून गवतावर पडला होता. नखाएवढे सहा-सात तुकडे. पाथरवट गुडघ्यावर बसले आणि एकेक तुकडा उचलून रुमालावर ठेवू लागले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

कोकणातल्या पावसाशी लढताना पाणी वरून येतं आणि बाहेर ठेवायचं असतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात पाणी दगडात आधीच असतं, त्याला जाऊ द्यायचं असतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अगं, आपल्याकडे दगड गोठतो कुठे? माझ्या डोक्यातच नाही आलं.’ माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी तिथे राहत होते.

उरलेल्या हिवाळ्यासाठी आम्ही चार खांब उभे करून वर फळ्यांचं उतरतं छप्पर टाकलं, बाजू पूर्ण उघड्या ठेवल्या. मांडवच म्हणा ना. खर्च ताडपत्रीच्या दुप्पटही आला नाही.

कोणते पर्याय होते

पॅरिश समितीची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांची, बैठक चर्चच्या मागच्या खोलीत झाली, चहा आणि लेमन केकसकट. पर्याय बरेच मांडले गेले. काही पाच मिनिटांत निकालात निघाले, एकावर दोन बैठका गेल्या.

स्वस्तातला पर्याय थडगं उतरवून शिळा गवतावर आडव्या ठेवण्याचा. इंग्लंडमध्ये थडग्याचे दगड अंगावर कोसळून मुलं दगावलेली आहेत. त्या भीतीने 2000 नंतरच्या काही वर्षांत अनेक ठिकाणी उभे दगड सरसकट आडवे केले गेले आणि लोक प्रचंड चिडले. शिवाय आडव्या शिळेवर पाणी साचतं, कोरीवकाम उभ्यापेक्षा लवकर मरतं. हा पर्याय कोणालाच नको होता, पण पैसे नाहीत तेव्हा तो टेबलावर येतोच.

दुसरा, गावातल्या बांधकाम ठेकेदाराने देऊ केलेला: आठवड्याभरात बोल्ट आणि सिमेंट वापरून पक्कं करून देतो. त्याचं दरपत्रक पाथरवटांच्या तिसऱ्या हिश्श्याचं होतं. सिमेंटवाले आजोबा समितीत नव्हते, त्यांचा मुलगा होता. त्यामुळे सिमेंट का नको हे सांगताना मला जपून बोलावं लागलं.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. कोरलेल्या शिळा चर्चच्या आत भिंतीला लावायच्या, बाहेर साधी प्रतिकृती ठेवायची. दगड वाचला असता. पण थडगं ते ज्यांचं आहे त्यांच्या डोक्यावर राहिलं नसतं. शिवाय बाहेरच्या हवेत तीन शतकं राहिलेला, क्षार भरलेला दगड आत कोरड्या उबेत आणला तर क्षार वर येऊन पृष्ठभाग सुटण्याचा धोका असतो. डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, सल्लागारांनी तो शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवायला सांगितलं.

उरला तो मार्ग म्हणजे थडगं पूर्ण सोडवायचं, गंजलेलं लोखंड आणि सिमेंट काढायचं आणि चुन्यात पुन्हा उभं करायचं. खर्चिक, वेळखाऊ आणि परवानग्यांनी भरलेला.

थडगं कोणाचं

परवानगीला इथे ‘फॅकल्टी’ म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं कॉलेजातले प्राध्यापक यायचे आहेत. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात असलं काम करायचं तर डायोसिसच्या सल्लागार समितीचं मत घ्यावं लागतं, 28 दिवस जाहीर नोटीस लावावी लागते आणि मग चान्सलर, म्हणजे चर्चच्या न्यायालयाचे न्यायाधीश, फॅकल्टी देतात. त्यात आमच्या थडग्याची यादीत स्वतंत्र नोंद असल्याने चर्चच्या इमारतींना स्थानिक कौन्सिलच्या परवानगीतून मिळणारी सवलत त्याला लागू नव्हती आणि कौन्सिलच्या अधिकाऱ्यांनाही विचारावं लागलं.

बर्फर्डचा एक किस्सा सांगतात. 1876 मध्ये कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस तिथल्या चर्चमध्ये चाललेली खरवडाखरवड पाहून संतापले, तर तिथल्या व्हिकरनी सुनावलं, की चर्च माझं आहे, मनात आलं तर मी इथे डोक्यावर उभा राहीन. पुढच्या वर्षी मॉरिसनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती आजही काम करते. आमच्या व्हिकरना डोक्यावर उभं राहायचा अधिकार नव्हताच, आणि थडगं तर चर्चचंही नव्हतं. इंग्लंडच्या कायद्याने थडग्याची मालकी ते उभारणाऱ्याकडे आणि त्याच्यामागे, ज्याच्या स्मरणार्थ ते आहे त्याच्या वारसांकडे जाते. पावणेतीनशे वर्षांनी वारस कुठे शोधायचे? शोधायचा प्रामाणिक प्रयत्न मात्र दाखवावा लागतो.

आम्ही चर्चच्या दारावर आणि गावाच्या मासिकात सूचना दिली, जिल्ह्याच्या अभिलेखागारात पत्र टाकलं. वारस मिळणार नाहीत असं धरूनच चाललो होतो. सहाव्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातून एका गृहस्थांचं पत्र आलं. वंशावळ सोबत जोडलेली, पटण्यासारखी. ते बराच मोठा भाग उचलायला तयार होते. अट एकच: झिजलेली अक्षरं पुन्हा कोरायची, देवदूतांचे चेहरे नव्यासारखे करायचे.

इथे समिती दुभंगली. ज्यांना पैशांची काळजी होती त्यांना यात वावगं काही वाटेना. कोणाच्या पणजोबांच्या पणजोबांचं थडगं, त्यांनीच ते चकचकीत करून मागितलं तर आपण कोण नाही म्हणणारे? चर्चवॉर्डन बाई विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आज कोरलेला चेहरा आजच्या माणसाचा असेल, 1740 च्या पाथरवटाचा नसेल, आणि त्यासाठी उरलेला जुना दगड तासावा लागेल. मी मनातून बाईंच्या बाजूची होते, पण गळून पडलेल्या गालानंतर मला ठामपणे बोलायचं तोंड नव्हतं. तो गाल पुन्हा कोरला तर माझी चूक पुसली जाईल, हा विचारही मनात येऊन गेला. तो कोणाला बोलून दाखवला नाही.

तोड अनपेक्षित ठिकाणी निघाली. 18व्या शतकात राल्फ बिगलंड नावाच्या वंशावळी-तज्ज्ञांनी ग्लॉस्टरशरच्या गावोगावच्या चर्चांतले आणि आवारांतले स्मृतिलेख उतरवून घेतले होते. त्यांत आमच्या थडग्याचा मजकूर निघाला, नावं आणि तारखांसकट. अक्षरं वाचायची म्हणून कोरायची गरज उरली नाही. मजकूर चर्चच्या आत एका फलकावर लावता येणार होता. ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांना मी लांबलचक पत्र लिहिलं, त्यात ताडपत्रीची हकिगतही लिहिली. पहिलं उत्तर थंड होतं. दुसऱ्यात त्यांनी अट मागे घेतली, रक्कमही निम्मी केली. उरलेले पैसे गावाने केक विकून, देणग्या मागून आणि एका निधीकडे अर्ज करून जमवले. त्यात एक हंगाम गेला.

प्रत्यक्ष काम

पुढच्या वर्षी मे महिन्यात काम सुरू झालं. प्रत्येक शिळेला क्रमांक दिला, रेखाचित्रावर जागा नोंदवली, फोटो काढले. त्याखेरीज प्रत्येक तुकड्यावर खडूने उत्तर दिशेचा बाण काढला. तो का, ते सांगते.

मसाल्यात घालतो ते दगडफूल तुम्हाला माहीत आहे. त्याचे भाईबंद या थडग्यांवर राहतात: राखी, पिवळे, नारिंगी ठिपके. ब्रिटनमध्ये दगडफुलांच्या सुमारे 2,000 जाती आहेत आणि त्यांतल्या 700 हून अधिक चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत, कारण इंग्लंडच्या सखल भागात शेकडो वर्षं न हललेला दगड इतरत्र फारसा नाही. एकेका ठिपक्याची वाढ वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर, म्हणजे तळहाताएवढा डाग शंभर वर्षांचा असू शकतो. समितीतल्या काहींना तो मळ वाटत होता आणि ‘एकदा प्रेशरने धुऊन काढा’ अशी सूचनाही आली होती. दगडफुलांची जाणकार असलेल्या एका बाईंनी अर्धा दिवस भिंग घेऊन वरची शिळा तपासली आणि सांगितलं, धुऊ नका, सावलीत ठेवू नका, दिशा फिरवू नका. म्हणून उतरवलेल्या शिळा गवतावर फळ्यांवर ठेवल्या त्या जशा होत्या तशाच, उत्तरेकडची बाजू उत्तरेला.

लोखंडी चौकट उभी करून चेन-पुलीने वरची शिळा उचलली. आत दगडगोटे, मुळं, गोगलगायींच्या शंखांचा खच आणि एक खूप रागावलेला बेडूक. जुना चुना मधल्या भागात अजून चांगला होता, नखाने उकरत नव्हता. उत्तरेच्या शिळेच्या मागच्या बाजूला एक अर्धवट देवदूत निघाला. एक पंख झाला होता, दुसरा बिघडला होता. पाथरवटाने दगड वाया न घालवता उलटवून दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरुवात केली असावी. आमचे पाथरवट त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग हसून म्हणाले, यालाही मुकादमाने बोलणी घातली असणार.

सगळ्यात कठीण निर्णय आतला होता. माथ्याचं वजन पुन्हा भेगाळलेल्या शिळांवर द्यायचं का? पाथरवटांनी सुचवलं, की आत चुन्यात विटांचा गाभा बांधू, वजन तो घेईल, कोरीव शिळा त्याभोवती नुसत्या उभ्या राहतील. बाहेरून काहीच दिसणार नाही. पण मूळ रचना बदलणार होती. सल्लागार समितीतल्या एकांचा आक्षेप होता, की मग ते कोरीव आवरण घातलेला विटांचा ढीग होईल. दुसरी बाजू अशी, की मूळ रचनेनेच ते मोडायला आलं होतं. शेवटी गाभ्याला मान्यता मिळाली. अट अशी, की तो शिळांपासून सुटा असावा आणि उद्या काढायचा म्हटलं तर काढता यावा. पायासाठी उकरताना पुरातत्त्वाच्या जाणकारांची देखरेख होती, कारण या आवारात वीतभर खाली गेलं की माणसं सुरू होतात.

गंजलेले क्रॅम्प काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले. सिमेंट बारीक छिन्नीने काढायला सगळ्यात जास्त दिवस लागले. त्याच दगडाची भुकटी मिसळलेल्या चुन्याने दरजा भरल्या, दगडापेक्षा मऊ राहील असं प्रमाण धरून. मला हिरडा, बेलफळ आणि गूळ घालून घाण्यात मळलेला चुना आठवला. तसं सांगितलं तर पाथरवटांनी वहीत लिहून घेतलं, वापरलं मात्र नाही. ताज्या सांध्यांवर ओलं गोणपाट टाकलं. ते टाकताना मला प्रथमच ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटलं, आपल्याकडे काँक्रीटच्या खांबांना गुंडाळतात तसंच. तळाच्या सांध्यांत हवेसाठी बारीक फटी सोडल्या. त्या मी स्वतः मोजल्या.

गालाचे तुकडे परत चिकटवायचे का, यावर फार चर्चा झाली नाही. चार तुकडे बसण्यासारखे नव्हते, इतके भुगभुगीत झाले होते. दोन बसले असते, पण त्यासाठी वापरावा लागणारा डिंक शेजारच्या दगडाला बाधला असता. सुटलेल्या कडा फक्त चुन्याने सावरल्या. चेहरा तसाच राहिला, डावीकडून जरा आंबट खाल्ल्यासारखा.

निष्पन्न

काम सप्टेंबरअखेर संपलं, ठरल्यापेक्षा सात आठवडे उशिरा. कुंपण काढलं. मुलं पुन्हा चढतात, शाळेने ताकीद दिली तरी, आणि माथा हलत नाही. त्यानंतरचे दोन हिवाळे गेले. दक्षिणेची शिळा सरळ आहे, दरज एका ठिकाणी केसभर उघडली, ती पाथरवटांनी येऊन भरली. दगडफुलं बहुतेक टिकली. नारिंगीपैकी एक मोठा डाग वाळला, का ते कळलं नाही. ऑस्ट्रेलियातले गृहस्थ एका उन्हाळ्यात येऊन गेले. मजकुराचा फलक वाचला, थडग्याला हात लावला, आणि देवदूत अजून थोडे नीटनेटके हवे होते असं म्हणालेच.

आज पुन्हा करायचं झालं तर

मांडव पहिल्या आठवड्यात उभारेन, यात शंका नाही. पण त्याहून आधी, वरिष्ठांनी ‘हवा खेळते ना?’ विचारलं तेव्हा ‘म्हणजे काय?’ असं उलट विचारेन. नव्या देशात, नव्या नोकरीत अडाणी दिसण्याची भीती वाटते, आणि मी ती भीती एका 1740 च्या देवदूताच्या गालावर काढली.

पाथरवटांना पाहणीच्या दिवशीच बोलावेन, फेब्रुवारीपर्यंत थांबणार नाही. त्या वेळी आम्ही थांबलो ते एका भेटीची फी वाचवण्यासाठी.

वारसांचा शोध कामाची रूपरेषा ठरायच्या आधी सुरू करायला हवा होता. आमचा बेत पक्का झाल्यावर ऑस्ट्रेलियाचं पत्र आलं, त्यामुळे त्यांना आम्ही फक्त ‘नाही’च सांगू शकलो. आधी बोलणं झालं असतं तर काय व्हायला हवं यात त्यांचाही वाटा राहिला असता. बिगलंडची नोंदही तेव्हाच शोधली असती तर दोन कडू बैठका वाचल्या असत्या.

विटांच्या गाभ्याबद्दल माझं मत अजून डळमळतं. सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्य होता. पण उत्तरेच्या शिळेमागचा बिघडलेला पंख आता त्या विटांकडे तोंड करून आहे. तो बंद करण्याआधी आम्ही फोटो काढले, ठसा मात्र घेतला नाही. घाईत राहून गेलं.

सिमेंटवाल्या आजोबांना शेवटी मी काय सांगितलं, असं बाबा विचारतात. काहीच नाही. काम संपल्यावर ते आले, दरजांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, मऊ आहे. मी हो म्हटलं.

गालाचे तुकडे व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीत, एका चपट्या डब्यात, कापसावर ठेवले आहेत. झाकणावर चर्चवॉर्डन बाईंनी थडग्याचा क्रमांक आणि महिना लिहिला आहे. कारण लिहायची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी तिथे ‘ताडपत्री’ लिहिलं, देवनागरीत, आणि मग खाली इंग्रजीतही लिहिलं, कारण पुढच्या पाहणीला मी नसेन.